जांभळी पैठणी फोटोत निळी का होते? (कॅमेऱ्याचं कलर कॅलिब्रेशन)

रंगपेटी

हातमागाच्या साड्या विकणाऱ्यांसाठी फोटो काढणं हे माझं रोजचं काम. या धंद्यात एक तक्रार सगळीकडे ऐकू येते: "फोटोत वेगळी होती, घरी आली ती वेगळीच." साडी परत जाते, येण्याजाण्याचा खर्च विणकराच्या किंवा दुकानदाराच्या माथी बसतो आणि गिऱ्हाईक ऑनलाइन पैठणी पुन्हा घ्यायची नाही असं ठरवून टाकतं. यातलं बरंचसं टाळता येतं. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. एकसारखा उजेड, एक रंगपत्ता (ठरावीक रंगांचे चौकोन छापलेलं कार्ड) आणि शिस्त एवढं लागतं. इथे अधूनमधून कुणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी जांभळ्याचं, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. माणसाची नजर रंग कसा वाचते याचे प्रमाणित वक्र १९३१ साली ठरले. त्यातल्या लाल वक्राला एक मोठा उंचवटा तर आहेच, पण निळ्या-जांभळ्या टोकाला, ४४० नॅनोमीटरच्या आसपास, आणखी एक छोटा उंचवटा आहे. म्हणून त्या टोकाच्या उजेडात आपल्याला लालसर झाक जाणवते आणि तो रंग जांभळा वाटतो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या लाल फिल्टरला हा छोटा उंचवटा पुरेसा नसतो. कॅमेऱ्याला तिथे फक्त निळं दिसतं. सेन्सरच्या तीन फिल्टरांचे वक्र डोळ्याच्या वक्रांपासून गणिताने तंतोतंत काढता आले, तर कॅमेरा रंगाला फसणार नाही. याला ल्यूथरची अट म्हणतात आणि बाजारातले कॅमेरे ती पूर्ण पाळत नाहीत. डोळ्याला वेगळे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला एकच वाटू शकतात, आणि उलटही होतं. प्रोफाइल, म्हणजे कॅमेऱ्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल, ही त्यातली तडजोड असते, ठरावीक उजेडात चूक कमीत कमी राहील अशी.

"ठरावीक उजेडात" हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. लोक प्रोफाइल बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारतात, उजेडाबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते ऐंशी टक्के काम तिथेच होतं किंवा बिघडतं.

साध्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा फॉस्फर चढवलेला असतो. म्हणून ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा टोकदार सुळका येतो, ४८० च्या आसपास खड्डा पडतो आणि गडद लालाकडे उजेड कमी पडत जातो. मोरपंखी रंगाला त्या खड्ड्यातला उजेड हवा असतो, कुंकवासारख्या लालाला पलीकडच्या टोकाचा. जो उजेड कापडावर पडलाच नाही तो परत येणार कुठून? अशा दिव्याखाली कुंकू विटकरी होतं आणि मोरपंखी मळकट. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ८० लिहिलेलं पाहून समाधान मानू नका. तो आकडा आठ फिक्कट नमुन्यांच्या सरासरीचा असतो. गडद लालाचा नमुना नववा, म्हणजे आर९, आणि तो त्या सरासरीत धरतच नाहीत. दिवा घेताना सीआरआय ९५ च्या वर आहे का ते बघाच, पण आर९ चा आकडा वेगळा मागा. जो दुकानदार तो देत नाही त्याच्याकडून साडीच्या फोटोसाठी दिवा घेऊ नका.

दिवे घ्यायचे नसतील तर उत्तरेकडची खिडकी उत्तम. फक्त खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा आणि ट्यूबचा उजेड मिसळला की साडीच्या एका बाजूचा पांढरा वेगळा आणि दुसऱ्या बाजूचा वेगळा होतो. त्यावर जगातलं कुठलंच प्रोफाइल चालत नाही. समोरची भिंत पिस्ता रंगाची असेल तर तोही रंग साडीवर येतो. शूट करताना मी काळे किंवा करडे कपडे घालते. गुलाबी कुर्ता घालून शिरोदकासमोर, म्हणजे पांढऱ्या पैठणीसमोर, उभ्या राहा, साडीच्या घडीत तो गुलाबी दिसेल.

आता रंगपत्ता. चोवीस चौकोनांचा कलरचेकर बहुतेकांनी पाहिला असेल: सहाच्या चार ओळी, शेवटची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. तो साडीच्या जागीच, साडीच्याच कोनात धरायचा, पुढे हातात धरून नाही. चकाकी येत असेल तर दिवा बाजूला सरकवा. फ्रेमच्या मधोमध घ्या, कारण कोपऱ्यात लेन्समुळे उजेड कमी पडतो. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढा. पांढरा चौकोन फुटता (उजेड जास्त होऊन आकडा वरच्या टोकाला अडकता) कामा नये.

एक्स्पोजर बरोबर आहे की नाही हे त्या खालच्या ओळीवरून कळतं. व्हाइट बॅलन्स (करडं करडंच दिसावं असं रंगांचं जुळवणं) नीट करून एसआरजीबीत, म्हणजे वेबवर चालणाऱ्या रंगपद्धतीत, फाइल काढली की करडे चौकोन साधारण २४३, २००, १६०, १२२, ८५, ५२ असे उतरतात, तिन्ही चॅनलमध्ये जवळपास सारखे. मी दुसरा चौकोन बघते. तिथे २०० च्या आसपास आकडा आला आणि लाल, हिरवा, निळा एकमेकांपासून दोन-तीनपेक्षा लांब गेले नाहीत, तरच पुढे जाते. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपरही त्याच फिक्या करड्यावर मारायचा. सगळ्यात पांढऱ्यावर मारला आणि तिथला एखादा चॅनल फुटलेला असला, तर सगळा हिशोबच चुकतो.

प्रोफाइल बनवणं त्यामानाने सोपं. पत्त्याची रॉ फाइल डीएनजी (अडोबीचा रॉ प्रकार) करून पत्त्याबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा अडोबीच्या जुन्या फुकट डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये टाकली की प्रोफाइल मिळतं. प्रोफाइलचे प्रकार वेगळे: लाइटरूमला डीसीपी लागतं, कॅप्चर वनला आयसीसी. खिडकीच्या उजेडाचं एक आणि दिव्याचं एक अशी वेगवेगळी ठेवा. पुढे एक गोष्ट बरेच जण विसरतात. सॉफ्टवेअरचा नेहमीचा टोन कर्व्ह कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि त्याबरोबर रंगही भडक होतात. रंग खरा हवा असेल तर कर्व्ह सरळ ठेवा. फोटो जरा मरगळलेला दिसेल. दिसू द्या, विकायची साडी आहे.

आणि शेवटी पैठणीचीच अडचण. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्याचा. जांभळ्या ताण्यावर राणी रंगाचा बाणा असेल तर समोरून एक रंग दिसतो, घडीच्या वळणावर दुसरा. कॅमेरा कितीही जुळवा, एका फोटोत "खरा" रंग मावत नाही. मी प्रत्येक साडीचा एक सपाट फोटो आणि एक बाजूच्या उजेडात घडीचा फोटो देते, आणि वर्णनात दोन्ही रंग लिहायला लावते. इथल्या विणकरांचं, दुकानदारांचं आणि घेणाऱ्यांचंही यावर म्हणणं ऐकायला आवडेल.

मोरपिसारा

वाचनखूण साठवली. किती दिवस असं काही शोधत होते! माझ्याकडे फक्त फोन आहे. घरून साड्या विकते, पत्ता घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत. झेरॉक्सचा पांढरा ए४ कागद साडीशेजारी ठेवून त्यावर व्हाइट बॅलन्स केला तर चालेल का?

रंगपेटी

मोरपिसारा, कागद नको. कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते उजेडातले अतिनील किरण शोषतं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. खिडकीच्या उजेडात तुमचा कागद मुळात निळसर असतो. त्याला पांढरा धरलात की फोनला निळं कमी करावंसं वाटतं आणि साडी पिवळट होते. त्यापेक्षा साधं ग्रे कार्ड (करड्या रंगाचं कार्ड) घ्या, चोवीस रंगांच्या पत्त्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

फोनमध्ये प्रो मोड असेल तर आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. ऑटो ठेवलं तर लाल साडीनंतर हिरवी ठेवली की फोन मनाने पांढरा बदलतो. रॉ काढता येत असेल तर काढा. आणि मुख्य लेन्सच वापरा. वाइड आणि टेलीमागे वेगळे सेन्सर असतात, रंगही वेगळे येतात. ग्रे कार्डचा फोटो आधी, मग त्याच उजेडात सगळ्या साड्या. ढग आला की कार्डचा फोटो पुन्हा.

जुना_डार्करूम

लेख चांगला आहे, मेहनत दिसते. थोडी भर आणि थोडा मतभेद.

भर अशी की हा पत्ता डिजिटलसाठी जन्मलाच नव्हता. तो मॅकबेथ कंपनीचा, १९७६ सालचा, फिल्म आणि छपाईच्या काळातला. त्यातले पहिले दोन चौकोन त्वचेचे, तिसरा आकाशाचा, चौथा पानांचा, पाचवा निळसर फुलाचा. माणसाला रोज दिसणाऱ्या गोष्टींचे रंग त्यात मुद्दाम ठेवले होते. नोव्हेंबर २०१४ पासून एक्स-राइटने त्यातली रंगद्रव्यं थोडी बदलली. जुना पत्ता आणि नव्या पत्त्याचे आकडे एकत्र केले तर काही चौकोनांत फरक पडतो. सेकंडहँड पत्ता घेणाऱ्यांनी मागची तारीख बघावी.

मतभेद प्रोफाइलवर. निळसर-जांभळ्या फुलांचा त्रास आम्ही फिल्मवरही भोगला. त्या फुलांवरून गडद लाल आणि अवरक्त उजेड बराच परततो, डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, फिल्मला दिसायचा, आणि निळं फूल गुलाबी व्हायचं. तेव्हा कुठे प्रोफाइल होतं? उजेड, फिल्टर आणि प्रिंट करणाऱ्याची नजर यावर काम भागायचं. आजही दिवा चांगला आणि व्हाइट बॅलन्स नीट असेल तर कंपनीचं तयार प्रोफाइल साडीला पुरतं. नवशिक्यांनी प्रोफाइलच्या नादी लागू नये असं माझं मत.

रंगपेटी

अण्णा, नवशिक्यांबद्दल मान्य. उजेड बिघडलेला असताना प्रोफाइल बनवणं म्हणजे वेळ घालवणं. पण व्हाइट बॅलन्स फक्त करड्याला करडं करतो. करडं बरोबर असूनही डाळिंबी रंग केशरीकडे झुकतो, हे रोज बघते. व्हाइट बॅलन्स म्हणजे तीन चॅनलचे तीन गुणक. एका चॅनलमधलं दुसऱ्यात किती मिसळायचं हे प्रोफाइलच ठरवतं. कंपन्यांची तयार प्रोफाइलं डोळ्याला आवडतील अशी बनवलेली असतात. त्वचा उबदार, आकाश गडद. साडीला ते नको असतं.

टक्स_वापरणारा

फुकटात करायचं असेल त्यांच्यासाठी: डार्कटेबलमध्ये ३.४ आवृत्तीपासून कलर कॅलिब्रेशन मॉड्यूल आहे. त्यात पत्त्याच्या चार कोपऱ्यांवर चौकट बसवली की तिथल्या तिथे दुरुस्ती निघते आणि डेल्टा ई (रंग किती चुकला याचा आकडा) पण दाखवतं. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी आर्गिल सीएमएस आणि डीकॅमप्रॉफ बघावं. दोन्ही कमांड लाइनवर चालतात, शिकायला वेळ लागतो, पण आत काय चाललंय ते सगळं दिसतं. रॉथेरपी डीसीपी आणि आयसीसी दोन्ही घेतं.

एक इशारा. चोवीस चौकोनांवरून मॅट्रिक्स प्रोफाइल बनवा, मोठं लट प्रोफाइल (प्रत्येक रंगासाठी वेगळी दुरुस्ती असलेला तक्ता) नको. मॅट्रिक्समध्ये नऊ आकडे असतात, चोवीस नमुने त्याला पुरतात. लटला इतक्या कमी नमुन्यांवर सोडलं की ते त्या चोवीस चौकोनांवर चोख वागतं आणि मधल्या रंगांत वेडंवाकडं वळतं. पाठांतर करून परीक्षा देणाऱ्या मुलासारखं, पुस्तकाबाहेरचं आलं की अडलं. म्हणूनच ज्या पत्त्यावर प्रोफाइल बनवलं त्याच पत्त्यावर डेल्टा ई तपासून "०.८ आला!" म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. तपासणी दुसऱ्या कशावर तरी करा.

मोरपंखीबद्दल: पत्त्यावरचा सायन चौकोन एसआरजीबीच्या किंचित बाहेर पडतो, त्याचा लाल आकडा शून्याखाली जातो. गडद मोरपंखी रेशमाचंही तेच होणार. तिथे कॅलिब्रेशन बरोबर असूनही वेबवरचा फोटो थोडा कमीच पडतो. रंग भडकवून ती तूट भरायला जाऊ नका, छटाच बदलते.

कॅनव्हास

मी तैलचित्रांचे फोटो काढतो. संग्रहालयांच्या कामात फॅडगी आणि मेटामॉरफोज ही मार्गदर्शक तत्त्वं वापरतात. त्यात रंग किती चुकला तर चालेल, उजेड किती समान हवा, सगळ्याच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. त्यातली एक सवय साडीवाल्यांनीही उचलावी. चित्राच्या जागी एक सपाट एकरंगी पांढरा बोर्ड ठेवून फोटो काढतो आणि चारही कोपऱ्यांचे आकडे मधल्याशी ताडून बघतो. नऊवार लांब पसरली की डावा काठ आणि उजवा काठ यात फरक येणारच, तो आधी कळलेला बरा.

आम्ही वार्निशची चकाकी मारायला दिव्यांवर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर लावतो. पैठणीला हे चालेल का? रंग तर सुंदर उतरतात.

रंगपेटी

रेशमाचा रंग सुंदर उतरतो खरा, पण जर (सोनेरी तार) मरते. धातूवरून परतलेल्या उजेडाचं ध्रुवीकरण तसंच राहतं, त्यामुळे लेन्सवरचा आडवा फिल्टर तो पूर्ण अडवतो आणि सोनेरी पदर काळपट तपकिरी होतो. आसावलीच्या, म्हणजे फुलवेलीच्या नक्षीतली जर अशी दिसली तर कोण साडी घेईल? जरीला मोठा, मऊ उजेड लागतो. मी एका बाजूला मोठा पांढरा पडदा लावून त्यातून दिवा टाकते. जरीत त्या पडद्याचंच प्रतिबिंब दिसतं, म्हणून तो पडदा पांढराच हवा. किंचित पिवळट कापड लावलं तर जर तांब्याकडे जाते. एक्स्पोजर जरीवर धरायचं, अंग थोडं गडद राहिलं तरी रॉमधून नीट वर येतं.

सॅन_होजेकर

मी घेणाऱ्यांपैकी. इथून पैठणी मागवली आणि रंग आवडला नाही तर परत पाठवणं जवळजवळ अशक्य, म्हणून हा धागा खूप जवळचा वाटला. माझी विनंती एवढीच की यादीतला शेवटचा फोटो ग्रे कार्डसकट द्या. म्हणजे आम्हालाही कळतं की फोटो किती विश्वासाचा आहे.

आणि घेणाऱ्यांना: रात्री फोनचा नाइट मोड चालू असताना साडी पसंत करू नका, पडदा पिवळा झालेला असतो. फोनमध्ये व्हिव्हिड आणि नॅचरल असे पर्याय असतील तर नॅचरल ठेवा. माझ्या एका मैत्रिणीने आणि मी एकच फोटो शेजारी शेजारी दोन फोनवर बघितला. एकावर अबोली होती, दुसऱ्यावर चक्क केशरी.

टक्स_वापरणारा

सॅन_होजेकर, यात विकणाऱ्याचाही हात असू शकतो. नवे आयफोन डिस्प्ले पी३ मध्ये, म्हणजे एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपद्धतीत, फोटो साठवतात. तो फोटो कुठल्या तरी ॲपमधून जाताना प्रोफाइल गळून पडलं तर रंग फिके होतात. पाठवण्याआधी एसआरजीबीत रूपांतर करा, नुसतं लेबल बदलू नका. आणि एडिट करायचा मॉनिटर कॅलिब्रेट नसेल तर वरचं सगळं वाया. डी६५ (पांढऱ्याची छटा), गॅमा २.२, पडद्याची उजळता १०० ते १२० कँडेला, एवढं उपकरणाने बसवून घ्या. नव्या मॉनिटरची उजळता बहुतेक वेळा याच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणून लोक फोटो गडद करत सुटतात.

येवल्याची_सून

आमच्या घरी माग आहेत. ताणा-बाण्याचं लिहिलंत ते अगदी बरोबर. राघू म्हटलं की आम्हाला पोपटी कळतो, पण गिऱ्हाईकाला कुठला पोपटी हे फोटोवरूनच ठरवायचं असतं. आम्ही आता प्रत्येक साडीच्या रेशमाची छोटी लडी बाजूला ठेवतो, ताण्याची एक आणि बाण्याची एक. लडीत एकच रंग असतो, त्यामुळे फोटो जुळला की नाही हे मॉनिटरशेजारी धरून लगेच कळतं. ताई, यात काही चूक नाही ना?

दुसरं विचारायचंय. काळी चंद्रकळा. काठ लाल, अंग शुद्ध काळं. आमच्या हॅलोजनखाली फोटो काढला की काळं अंग चॉकलेटी-जांभळट दिसतं. करडा चौकोन बरोबर, लाल काठ बरोबर, काळंच तेवढं बिघडतं.

रंगपेटी

लड्यांची कल्पना फार आवडली, मीही सुरू करणार. फक्त लडी धरून बघताना मॉनिटरशेजारचा दिवाही चांगल्या सीआरआयचाच हवा, नाहीतर लडीच खोटी दिसेल. छपाईवाले त्यासाठी ५००० केल्विनचा, म्हणजे डी५० चा उजेड वापरतात. मॉनिटर डी६५ वर असतो तेव्हा पांढरा किंचित वेगळा वाटेल, पण दोन छटांतला फरक ओळखायला हरकत नाही. आणि लडी पिळून घट्ट करू नका, सैल ठेवा. पीळ जितका घट्ट तितक्या सावल्या आत पडतात आणि रंग गडद वाटतो.

चंद्रकळेचं कारण बहुतेक अवरक्त उजेड आहे. काळे रंग डोळ्याला दिसणारा उजेड शोषतात, पण त्यातले बरेचसे अवरक्त शोषत नाहीत, परतवतात. सेन्सरसमोरचा फिल्टर तो अडवतो, पण सगळ्या कॅमेऱ्यांत सारखा चांगला नसतो. २००६ चा लायका एम८ यासाठी गाजला होता, काळं कृत्रिम कापड त्यात जांभळट यायचं आणि लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागायचा. हॅलोजनमध्ये अवरक्त भरपूर असतं, म्हणून तुमच्याकडे ते उठून दिसतं. करड्या चौकोनाची रंगद्रव्यं वेगळी, म्हणून तो सुखरूप सुटतो. प्रोफाइलने हे जाणार नाही, कारण कॅमेऱ्याला खरोखरच उजेड मिळालेला आहे.

आधी तीच साडी खिडकीशी किंवा चांगल्या एलईडीखाली घेऊन बघा, एलईडीत अवरक्त जवळजवळ नसतं. तिथे काळं शुद्ध आलं तर हॅलोजन काढून टाका. तिथेही चॉकलेटीच राहिलं तर लेन्सवर लावायचा, अवरक्त अडवणारा आयआर कट फिल्टर घ्या. तो लावल्यावर पत्त्याचा फोटो आणि प्रोफाइल पुन्हा करावं लागेल, कारण गडद लालही थोडा कापला जातो आणि तुमचा काठ लालच आहे. दोन्ही उजेडातले फोटो इथे टाका, म्हणजे नक्की सांगता येईल.